करारात आमच्या गावाचंही एक कलम घाला

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच शालेय शिक्षण, कौशल्य विकास, सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक न्याय विभाग

विषय : परदेशांशी होणाऱ्या मनुष्यबळ करारांत मराठवाड्यातील वृद्धांच्या शुश्रूषेची तरतूद करण्याबाबत.

महोदय, महोदया,

बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांतून परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. निवृत्त म्हणायचं ते पेन्शनपुरतं. आमच्या पंचक्रोशीत कुणाची लघवीची पिशवी बदलायची असली, कुणाची जखम धुवायची असली की माणसं अजून माझंच दार वाजवतात. हे पत्र त्या दारातून दिसतं त्यावर लिहिलेलं आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात 10 हजार कुशल माणसं तिकडे पाठवायची, त्यांत परिचारिका आणि रुग्णांची, वृद्धांची देखभाल करणारेही असतील, आणि त्यांना जर्मन भाषा शासन आपल्या खर्चाने शिकवेल, असं ठरलं. भारत सरकारचा जर्मनीशी स्थलांतराबाबतचा करार त्याआधीच, डिसेंबर 2022 मध्ये झाला होता. जपानशी विशिष्ट कौशल्याच्या कामगारांबाबत जानेवारी 2021 मध्ये सहकार्य ठरलं, त्यातही वृद्धांची देखभाल आहे. सह्या झाल्या, फाइलींची अदलाबदल झाली, फोटो निघाले. फोटोत सगळे हसत होते आणि त्यात वावगं काही नाही. आमच्या तालुक्यातली पोरगी श्टुटगार्टला नोकरीला लागली तर पहिला पेढा मीच मागेन.

माझी तक्रार पोरींच्या जाण्याबद्दल नाही. त्यांना नेणारे देश इथे काय ठेवून जातात, हे आपण विचारत नाही, याबद्दल आहे.

दसरा झाला की आमच्याकडची गावं निम्मी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात, ट्रक-ट्रॅक्टर वेशीवर येतात आणि पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज इकडची कर्ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला फडावर जातात. पाडव्याच्या आगेमागे परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावात उरतात ती म्हातारी माणसं, त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळेची लेकरं, आणि त्या लेकरांच्या भरवशावर पडलेली म्हातारी.

अशाच एका हंगामात शेजारच्या वस्तीवरून सातवीतली एक मुलगी मला बोलवायला आली. "मावशी, आज्जी उठंना गेली, अन् लई वास यायलाय." म्हातारी ओट्यावरून घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन सांगितलं, पैशाचा आकडा ऐकून घरी आणलं, आणि उचल अंगावर असल्यामुळे लेक-सून फडावर निघून गेले. त्यांना दोष कुणी द्यावा? म्हातारी बाजेवर उताणी. खाली गोधडी, गोधडीखाली खताच्या पोत्याचं प्लास्टिक. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, कडेला काळी पडलेली, आत पिवळट. कुणीतरी जाणत्याने हळद आणि टाल्कम पावडर भरून ठेवली होती. पावडरचा पार लगदा झालेला.

पावडर धुऊन काढण्यात तासभर गेला. मग पोरीला बाजेशेजारी उभं केलं. मोडलेल्या कुशीवर कधीच वळवायचं नाही, चांगल्या कुशीकडे जरासं कलतं करायचं. एकटीने ओढायचं नाही, शेजारच्या काकूला हाक मारायची. दोन पायांच्या मधे उशी. पाठीमागे गोधडीची घट्ट गुंडाळी, म्हणजे म्हातारी परत उताणी होणार नाही. पोटऱ्यांखाली घडी अशी की टाचा अधांतरी राहाव्यात. बोटाने लाल जागा दाबायची. लाली गेली तर ठीक, तशीच राहिली तर तिथे जखमेची सुरुवात झाली. दोन तासांनी पुन्हा. पोरगी शाळेच्या मधल्या सुट्टीत पळत घरी यायची. रोज एक अंडं किंवा मूठभर शेंगदाण्याचा कूट द्यायचा, हेही सांगितलं, कारण प्रथिनाशिवाय जखम भरत नाही. होळीपर्यंत जखम निम्म्याहून जास्त भरली होती.

आता हे बघा. जर्मनीत परिचर्येचं पहिलं राष्ट्रीय तज्ज्ञ-मानक 2000 साली ठरलं, ते नेमकं याच गोष्टीवर, शय्याव्रण म्हणजे पडून पडून होणारी जखम होऊ न देण्यावर. म्हणजे त्या सातवीच्या पोरीने गोधडीच्या गुंडाळीने जे केलं, त्याला तिकडे लिखित मानक आहे, प्रशिक्षण आहे, नोंदवही आहे, आणि वृद्धसेवेतल्या बिनप्रशिक्षित मदतनिसालासुद्धा तासाला 16 युरोंच्या आसपास किमान वेतन आहे. आमच्याकडे त्याला "आज्जीचं बघती" म्हणतात.

आपल्या भाषणांमधून एक वाक्य नेहमी कानावर येतं: परदेशात म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकतात, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे. करार करायला गेलेल्या शिष्टमंडळाने तिथले आकडे तरी विचारून यावेत. 2023 अखेरीस जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेली सुमारे 57 लाख माणसं होती आणि त्यांतली 86 टक्के आपल्या घरीच होती. बहुतेकांचं बघणारी माणसं म्हणजे बायको, लेक, सून. आपल्याइतकीच घरची. फरक एवढाच की 1995 पासून तिथे शुश्रूषा-विमा आहे. तज्ज्ञ घरी येऊन तपासतो, माणसाला किती मदत लागते त्यावर एक ते पाच असा दर्जा ठरतो, आणि दुसऱ्या दर्जापासून घरच्यांनी बघायचं ठरवलं तर महिन्याला 347 ते 990 युरो घरात येतात. घरी सांभाळणाऱ्याच्या नावाने काही अटींवर निवृत्तिवेतनाचा हप्ताही विमा भरतो. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट: घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवण्याचे वर्ग विमा मंडळांना फुकट चालवावे लागतात. सुनेला सासू कशी वळवायची हे शिकवणारा वर्ग! आमच्याकडे सुनेला फक्त टोमणे शिकवतात.

इकडे श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ऐंशीपर्यंत 200 रुपये आणि पुढे 500. एसटीत पंच्याहत्तरीनंतर तिकीट माफ झालं, ते खरंच चांगलं झालं. आमच्या म्हाताऱ्या त्यामुळे पंढरपूर नि माहूर करून येतात. पण जी बाजेवरून उठत नाही तिला एसटीचा काय उपयोग?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. भागीदारी करायचीच तर पगाराच्या आकड्यावर थांबू नका, त्यांची घरातली शुश्रूषेची व्यवस्था मागून घ्या. तज्ज्ञ मागा, शिकवणारे मागा, पुस्तकं मराठीत करून मागा, आणि ते सगळं पुण्या-मुंबईत न ठेवता केज, भूम, जिंतूर, किनवटपर्यंत आणा.

असं होत नाही, असं म्हणू नका. थायलंड काही जर्मनीएवढा श्रीमंत देश नाही. जपानच्या जायका या संस्थेने तिथल्या सरकारबरोबर 2007 पासून वृद्धांच्या गावपातळीवरच्या सेवेचे प्रकल्प चालवले. जपानने स्वतः 2000 साली चाळिशीपासून प्रत्येकाकडून हप्ता घेणारा शुश्रूषा-विमा सुरू केला होता, आणि त्यात प्रत्येक वृद्धाची सेवा आखून देणारा "केअर मॅनेजर" नेमला होता. ही कल्पना थायलंडने उचलली, पण विमा उचलला नाही. तेवढा पैसा नव्हता. 2016 पासून त्यांनी तांबोन म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या पातळीवर सेवा सुरू केली. परिचारिका केअर मॅनेजर झाल्या आणि गावातल्याच माणसांना 70 तासांचं शिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. व्हिएतनामने दुसरी वाट धरली. तिथे 2006 पासून म्हातारी नि तरुण माणसं एकत्र असलेले मदत-गट गावोगाव उभे राहिले. गटाचा स्वतःचा छोटा कर्जनिधी असतो आणि गटातलेच स्वयंसेवक अंथरुणावरच्या माणसाच्या घरी जातात. आमच्या बचत गटाच्या बायकांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, यात नवीन काय, आम्ही करू की.

आणि परदेशी भागीदारी म्हणजे काय, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र होती, माणसं दमून झोपली होती. सरकारी आकड्याने सुमारे 8 हजार माणसं गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत पुनर्वसनाचं प्रचंड काम झालं, 52 गावं नव्या जागी हलली. त्या नव्या गावांचे नकाशे कुणाच्या टेबलावर झाले कोण जाणे. रुंद सरळ रस्ते, शहरातल्या कॉलनीसारख्या ओळी, एकमेकांपासून लांब घरं. जुन्या गावात म्हातारं माणूस भिंतीला धरून पारापर्यंत जायचं. नव्या गावात पार लांब, सावली नाही, शेजारी हाकेच्या पलीकडे. भावकी आणि गल्ली विस्कटली. आराखडा करणाऱ्यांनी पंच्याहत्तरीच्या माणसाला एकदा त्या रस्त्यावरून चालायला लावलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्याच प्रकल्पात एक गोष्ट फार चांगली झाली, आणि ती आपल्या दप्तरात असेल. जी गावं जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे लोकसहभागाची अट होती, आणि स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायका "संवाद सहायक" म्हणून नेमल्या गेल्या. घराला कुठे पट्टा बांधायचा, हप्ता कधी येणार, अभियंता काय म्हणतो हे त्या घरोघरी सांगायच्या आणि घरांचं म्हणणं वर पोचवायच्या. ज्या बाईने तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, तिने बांधकामाचा हिशेब विचारला. परका पैसा गावात मुरला तो या बायकांमुळे. वृद्धसेवेचा करार करताना किल्लारीच्या या दोन्ही गोष्टी समोर ठेवा, नकाशाही आणि संवाद सहायकही.

जामखेडचं उदाहरण तर आमच्या शिवेला लागून आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत शिकून आले आणि 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं. गावातल्या निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बायका बाळंतपणं करू लागल्या, कुष्ठरोग ओळखू लागल्या, आणि पुढे जगभरचे डॉक्टर त्यांच्याकडून शिकायला जामखेडला यायला लागले. भागीदारी म्हटलं की ज्ञान तिकडून इकडे आणि माणूस इकडून तिकडे, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. जामखेडला ते उलटं झालं होतं.

कायद्याच्या बाजूने बघितलं तरी आपली मागणी वाजवी ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता मान्य केली. माणसं नेणाऱ्या देशाने, जिथून नेतो तिथल्या शिक्षणाला आणि आरोग्य व्यवस्थेला हातभार लावावा, असं त्यात आहे. संहिता बंधनकारक नाही हे मला ठाऊक आहे, पण मागायला आधार तर आहे. त्या संघटनेने 2023 मध्ये 55 देशांची यादी केली. मनुष्यबळाची टंचाई असल्यामुळे तिथून सरसकट भरती करू नये, असं त्या देशांबाबत सांगितलं. भारत त्या यादीत नाही, कारण देशाची सरासरी बरी दिसते. या सरासरीत पुणंही येतं आणि शिरूर कासारही येतं. जर्मनीचा माणूस दिल्लीची सरासरी बघणार, त्याचा काय दोष? शिरूर कासारची गोष्ट त्याच्यापुढे आपण ठेवायला हवी.

केरळचं बघा. जर्मनीच्या रोजगार संस्थेशी त्यांनी डिसेंबर 2021 मध्ये करार केला, त्यात भरतीचा खर्च नर्सच्या डोक्यावर पडत नाही. एजंटाला दोन-तीन लाख देण्यासाठी शेत गहाण टाकायचं, ही आमच्याकडची तऱ्हा तिथे चालत नाही. पण केरळचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. त्यांच्या नर्स जगभर गेल्या, तरी गावातली दुखणाईत माणसं त्यांनी वाऱ्यावर सोडली नाहीत. 2008 मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं, पंचायतींनी घरभेटी देणाऱ्या नर्स नेमल्या, शेजारीपाजारी स्वयंसेवक झाले, आणि कोझिकोडच्या संस्थेला 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली. हे सगळं करायला केरळला आपल्यापेक्षा जास्त पाऊस पडतो म्हणून जमलं, असं तर नाही ना?

आता आमचं दुखणं थोडं वेगळं का आहे, ते सांगते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात साठीपुढची माणसं 14.9 कोटी होती, 2050 मध्ये ती 34.7 कोटी होतील. हा देशाचा हिशेब झाला. ऊसतोडीच्या पट्ट्यात म्हातारपण लवकर येतं. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला, शासनाने समिती नेमली. 82 हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांत कित्येक जणी ऐन तिशी-पस्तिशीतल्या. गर्भाशयाबरोबर बीजांडंही गेली असतील तर हाडं वेळेआधी ठिसूळ होतात, हे पहिल्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलीलाही माहीत असतं. डोक्यावर मोळी वाहणाऱ्या या बायका आज पंचेचाळिशीत आहेत. पुढच्या पंधरा वर्षांत त्यांच्या खुब्याची आणि मणक्याची हाडं मोडायला लागतील, तेव्हा त्यांना वळवायला घरात कोण असेल? समितीच्या अहवालाचं पुढे काय झालं यावर बरंच बोलता येईल, पण ते दुसऱ्या पत्रात.

आणि सेवा करणारे हात आमच्याकडे नाहीत असंही नाही. पुण्यात ब्युरोमार्फत 12 तासांच्या, 24 तासांच्या ड्युटीवर जाणाऱ्या बायकांशी बोलून बघा. लातूरच्या, परभणीच्या, नांदेडच्या किती तरी निघतात. शहरातल्या आजी-आजोबांचं हगणं-मुतणं काढतात, ब्युरोला कमिशन देतात, आणि त्यांच्या स्वतःच्या आईला गावाकडे शेजारीण भाकरी देते. कसलंही शिक्षण नाही; पहिल्या घरी चुकत चुकत शिकायचं आणि दुसऱ्या घरी अनुभवी म्हणून जायचं. जर्मनी फार पुढची गोष्ट झाली, आमची माणसं पुण्यापर्यंतच अशी जातात.

मग कराराच्या कलमात काय हवं? पहिली गोष्ट म्हणजे प्रात्यक्षिक इथे व्हावं. जर्मन शिकायला मुलं महिनोन्‌महिने वर्गात बसतात. डेर, डी, डास घोकून घोकून रडकुंडीला येतात. त्या काळात आठवड्यातले दोन दिवस त्यांना ऊसतोडीच्या गावांत अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांकडे पाठवा, सोबत एक अनुभवी सिस्टर द्या, आणि ते तास त्यांच्या प्रमाणपत्रात धरायला जर्मनांना लावा. त्यांना हात बसलेली मुलगी मिळेल, आमच्या म्हातारीची जखम धुतली जाईल. मला यात कुणाचाच तोटा दिसत नाही. प्रवासखर्च नि मानधन नेणाऱ्या देशाने द्यावं. दहा जणांमागे एक शिकवणारी नर्स इथे त्यांच्या पैशाने राहावी, असं काहीतरी प्रमाण बसवा. दहा म्हणा, पंधरा म्हणा, घासाघीस करायला आपले अधिकारी समर्थ आहेत.

दुसरं, परत येणाऱ्यांची सोय. पाच-सात वर्षांनी एखादी लेकीच्या शाळेसाठी, एखादी आईच्या आजारपणासाठी परत येईलच. तिकडे शिकलेलं घेऊन ती आली तर गावात घरोघर जाऊन वृद्धांचं बघणारं मंजूर पदच नाही. ती परत ब्युरोत जाईल किंवा साड्यांचं दुकान टाकेल. केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा कक्ष आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याचं बाह्यरुग्ण असं कागदावर आहे, चांगलं आहे. पण कक्षात पोचायला म्हातारी उठली पाहिजे ना! घरी येणारं माणूस हवं. ते काम आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर म्हणून टाकू नका, एवढी हात जोडून विनंती. गरोदर बाई, लसीकरण, क्षयरोग, ऑनलाइन नोंदी यांनी त्या आधीच वाकल्या आहेत. वेगळी बाई नेमा, वेगळा पगार द्या.

"पैसा कुठून आणायचा?" हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. जर्मन भाषा शिकवायला शासन पैसा खर्च करतंच आहे. शिकून तयार झालेली नर्स आपण दुसऱ्या देशाला देतो, तिच्या शिक्षणावर सरकारी कॉलेजात झालेला खर्च त्यांनी केलेला नाही. हा हिशेब टेबलावर मांडायला लाजायचं कारण नाही. साखर कारखाने आणि ऊसतोड कामगार महामंडळ यांनाही यात ओढा; ज्यांच्या फडावर लेक-सून राबतात, त्यांनी घरी पडलेल्या सासूसाठी टनामागे काही पैसे दिले तर कारखाना बुडणार नाही.

एक काम मात्र परदेशी पाहुण्यांची वाट न बघता करता येईल. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवक ओळखपत्र देतात. त्या अर्जात एक रकाना वाढवा: मागे घरी कोण राहणार, त्यांतलं अंथरुणाला कोण खिळलेलं आहे. त्या यादीची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात दसऱ्याआधी पोचू द्या. पुढचं शिष्टमंडळ जर्मनीला किंवा जपानला जाईल तेव्हा हीच यादी सोबत न्या, आणि जमलं तर एखादी आशाताई किंवा गावातली सिस्टरही न्या. सचिव साहेब विचारणार नाहीत ते प्रश्न ती विचारेल.

आमच्या तालुक्यात घरच्यांसाठी शुश्रूषेचा वर्ग सुरू करायचा झाला तर शिकवायला मी तयार आहे. दोन बाजा, चार उशा, दहा-बारा बायका बसतील एवढी समाजमंदिराची खोली आणि खोलीची किल्ली लागेल. किल्ली सरपंचांकडे असते आणि सरपंच बहुतेक वेळा बीडला असतात, तेवढं आपल्या स्तरावरून कळवावं.

आपली,
एक सेवानिवृत्त परिचारिका
तालुका केज, जिल्हा बीड